वाफा उचलू नका, खाली घ्या

प्रश्न : काकू, आमचं गाव जत तालुक्याच्या पूर्व भागात. दारात दोन गुंठे मुरमाड जागा आहे आणि टँकर आठवड्यातून एकदा येतो. एका प्रशिक्षणात गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करायला शिकवलं, तसे केले. वांगी-दोडका होळीपर्यंत बरा होता, चैत्रात सगळं वाळून गेलं. रोज सकाळी चार घागरी घालत होते. माझं कुठं चुकलं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुम्ही काही कमी केलं नाही. वाफ्याचा आकार चुकला. जिथं पाऊस धो-धो पडतो आणि मुळं कुजतात, तिथं पाणी निचरून जावं म्हणून वाफा उचलतात. आपल्याला निचरा नको, ओल धरून ठेवायची आहे. उंच वाफ्याला चारी बाजूंनी ऊन-वारं लागतं. तुमच्या चार घागरी मुळांपर्यंत पोचायच्या आधीच उडून जात होत्या.

आता वाफा जमिनीपेक्षा वीतभर खाली घ्या. निघालेल्या मातीचा चारी बाजूंनी बांध घाला आणि चौकोन हात-दीड हाताचेच ठेवा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात झुनी या आदिवासी जमातीतल्या बायका नदीजवळ असेच खोलगट चौकोन करून भाजी पिकवायच्या आणि डोक्यावरच्या मडक्यांतून पाणी आणून एकेका चौकोनात ओतायच्या. हे वाचलं तेव्हा मला माझी आजीच आठवली, तीही मिरचीची आळी अशीच खोल करायची. मेथी, कोथिंबीर, मिरची या चौकोनांत लावा. वर बाजरीच्या सरमडाचं बोटभर आच्छादन हवंच.

दोडका, कारली, भोपळा, वांगी यांना मात्र मडकं पुरा. कुंभाराकडून सात-आठ लिटरचं साधं भाजलेलं मडकं आणा. त्याला रंग किंवा चकाकी नको, त्यातून पाणी पाझरत नाही. घेताना टिचकी मारून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे. घरी आणून रात्रभर भरून ठेवा. सकाळी पोटाला हात लावल्यावर गार आणि ओलसर लागलं तरच ते कामाचं. मग शेणखत मिसळलेल्या मातीत गळ्यापर्यंत पुरून त्याच्याभोवती वीतभर अंतरावर तीन-चार बिया टोकायच्या. तोंडावर झाकणी ठेवा, नाहीतर डास होतात. रोप वर येईपर्यंत बियांवर थोडं पाणी शिंपडावं लागतं, पुढं मडकंच त्याला पाजतं. बाहेरची माती कोरडी पडली की ती मडक्यातलं पाणी ओढते, ओली झाली की ओढणं मंदावतं. चैत्र-वैशाखात मला दर दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं, हिवाळ्यात आठवडा निघतो.

गेल्या वर्षी दोडक्याचा वेल संपल्यावर मी एक मडकं उकरून काढलं. त्याच्या पोटाला पांढऱ्या मुळांची इतकी दाट जाळी बसली होती की हातानं सुटेना. वेलाला पाणी कुठं आहे ते बरोबर कळलं होतं. त्या दिवसापासून मी वरून पाणी घालणं सोडलं.

दोन गोष्टी सांभाळा. बोअरचं पाणी खारट असेल तर मडक्यावर पांढरा थर धरतो आणि पाझर बंद पडतो. हंगाम संपला की काढून काथ्यानं घासा. आणि काळ्या रानात मडकं पुरणार असाल तर भोवती चार बोटं वाळू भरा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि मडकं चिरडते. माझी पहिली तीन मडकी अशीच गेली.

प्रश्न : खटावला आमचं माळरान आहे, पाऊस पडला तरी पाणी मुरत नाही, नुसतं वाहून जातं. बाजरी उगवते आणि जळते. काय करावं?
– एक शेतकरी बंधू

उत्तर : दादा, वरचा कडक थर फोडल्याशिवाय पाणी आत जाणार नाही. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात याकूबा सावाडोगो नावाच्या शेतकऱ्यानं यावरच आयुष्य घातलं. जुन्या पद्धतीचे 'झाई' खड्डे त्यानं आणखी मोठे केले, त्यात शेणखत घातलं आणि ओसाड माळावर ज्वारी-बाजरी पिकवली. २०१८ साली त्याला 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. खतामुळं खड्ड्यात वाळवी येते, तिला घाबरू नका. ती बिळं करते आणि त्यांतूनच पाणी खाली उतरतं.

खड्डा वीत-सव्वा वीत रुंद आणि अर्धी ते पाऊण वीत खोल असू द्या. माती उताराच्या बाजूला टाका, म्हणजे वाहतं पाणी अडतं. दोन खड्ड्यांत अडीच फुटांच्या आसपास अंतर ठेवलं तर गुंठ्याला दीड-पावणेदोनशे खड्डे बसतात, एकराला सहा-सात हजार. टिकाव मारणारे हात किती आहेत ते आधी मोजा, यंदा एक गुंठाच करा. मृगाच्या आधी दोन-तीन मुठी शेणखत घालून ठेवा आणि चांगला पाऊस झाला की प्रत्येक खड्ड्यात बाजरीचे सहा-सात दाणे टोका. विरळणी करताना दोन-तीनच रोपं ठेवा.