टीडीएस कापला नाही, म्हणजे कर नाही?

प्रश्न : मी चिपळूणला घरी बसून एका जर्मन कंपनीसाठी सॉफ्टवेअरचे काम करतो. नोकरी नाही, दरमहा बिल पाठवतो आणि पैसे बँकेत जमा होतात. 2025-26 या आर्थिक वर्षात असे 30 लाख रुपये आले. टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापून भरायचा कर) कुणी कापला नाही. परदेशी पैशावर कर नसतो, असे मामा सांगतात. ते खरे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : मामांचा गैरसमज बराच प्रचलित आहे. आपण वर्षभर येथेच राहत असल्याने निवासी करदाते ठरता आणि निवासी व्यक्तीला जगात कोठेही मिळालेल्या उत्पन्नावर भारतात कर द्यावा लागतो. जर्मन कंपनीने टीडीएस कापला नाही, याचा अर्थ एवढाच की कर भरण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर आली.

आपल्याला आयकर कायद्याचे कलम 44एडीए सोयीचे पडेल. माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसाय त्यात बसतो आणि जमा रकमेच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवली की हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. मात्र लॅपटॉप, इंटरनेट यांचा खर्च मग वेगळा वजा होत नाही. 30 लाखांचे निम्मे 15 लाख. नव्या करप्रणालीनुसार त्यावर 1,05,000 रुपये कर आणि 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 1,09,200 रुपये होतात.

हा कर 15 मार्चपर्यंत एकाच हप्त्यात अग्रिम कर (वर्ष संपण्याआधीच भरायचा कर) म्हणून भरायचा होता. तो राहिला असेल, तर त्या चुकीबद्दल एकदा 1 टक्का आणि 1 एप्रिलपासून भरणा होईपर्यंत दरमहा 1 टक्का व्याज लागेल. महिन्याला 1,092 रुपये. आणि महिन्यातला एक दिवस लागला तरी महिना पूर्ण धरतात, म्हणून विवरणपत्राची मुदत येईपर्यंत थांबू नका.

जीएसटीबाबत मात्र बहुतेक जण फसतात. निर्यात सेवेवर शून्य दर असला तरी नोंदणीसाठीची 20 लाखांची मर्यादा मोजताना निर्यातीची रक्कमही धरली जाते, त्यामुळे आपल्याला नोंदणी आवश्यक होती. नोंदणी झाल्यावर दरवर्षी आरएफडी-11 नमुन्यात हमीपत्र दिले की जीएसटी न भरता बिले पाठवता येतात. पैसे परकीय चलनात आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र प्रत्येक बिलाला जोडून ठेवा; पुढे विचारणा झाली तर तोच कागद मागतात. राज्याचा व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये आहे, तो वेगळा.