कागद स्वतः वाच

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

परवा व्याख्यानानंतर तू प्लास्टिकची फाइल छातीशी धरून उभी होतीस. "बाई, नेतृत्व शिबिराला जाऊ की दहावीची तयारी करू?" पत्रात काय लिहिलंय विचारलं, तर म्हणालीस, "सर म्हणतात तीन दिवस, काका म्हणतात आठवडा, मैत्रीण म्हणते पैसे भरावे लागतात." पत्र फाइलीतच होतं. तू ते वाचलंच नव्हतंस, आपण कर्नाटकातल्या सीमाभागातली मराठी माणसं आणि पत्र कन्नडमध्ये म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नववीत असताना मी पत्र्याची पवनचक्की केली होती. प्रदर्शनासाठी निवड झाली, धारवाडहून पत्र आलं. एका मोठ्या माणसाने वाचून सांगितलं, ९ तारीख. कन्नडमधला सहा आणि नऊ शेजारी ठेवून बघ, शेपटीचा काय तो फरक. पवनचक्की पोत्यात गुंडाळून खानापूर, लोंढा, अळणावर करत मी नऊला पोचले, तेव्हा मांडवाचे खांब उपटत होते. प्रदर्शन सहाला होतं. ज्यांनी वाचलं त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो स्वतःवर. पत्र आठ दिवस माझ्याच दप्तरात होतं.

म्हणून सांगते, कागद स्वतः वाच.

एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा तू पास झालीस. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पण ते आपोआप येत राहत नाहीत, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. दहावीला साठ टक्के हवेत, म्हणजे ६२५ पैकी ३७५. तुला ते जड नाहीत, त्या शिबिराने तर ते मुळीच बुडणार नाहीत. बुडतं ते चुकलेल्या तारखेने. बँक पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका अक्षराने वेगळं निघालं तरी पैसे अडकू शकतात. तुझी दोन्ही नावं जुळवून पाहिलीस का? नसशील पाहिलीस. आजच पाहा.

आणि तू शाळेच्या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री! प्रार्थनेला "सावधान" म्हणण्यापुरतं ते पद नाही गं. फलकावर कन्नड सुत्तोले, म्हणजे परिपत्रक, लागलं की आपल्या मुलांची मान खाली जाते आणि कुणीतरी वाचून सांगेल म्हणून सगळे थांबतात. तिथे पुढे होऊन वाचून दाखवणारी एक मुलगी हवी. दुसरं कसलं नेतृत्व तुला शिबिरात शिकवणार आहेत?

अवघड नाही. अर्जी म्हणजे आपला अर्जच. दिनांक तर आपलाच. 'कोनेय दिनांक' एवढं मात्र पाठ कर, शेवटची तारीख. खानापूर स्टँडवर बसच्या पाट्या वाचत मी अक्षरं शिकले, मग शिळी वर्तमानपत्रं. चार महिन्यांत परिपत्रक वाचता येऊ लागलं.

त्यावरून मला लोकांनी काय काय ऐकवलं! कन्नडधार्जिणी म्हणाले. १ नोव्हेंबरला सीमाभागातले मराठी लोक काळ्या दिनाची फेरी काढतात, तीत मी पाय चालले तोवर चालले, बत्तीस वर्षं मराठी शाळेत मराठीच शिकवलं, आणि कन्नड कागद वाचते म्हणून मी परकी? ज्यांनी ते ऐकवलं त्यांच्याच मुलींचे दाखले, उत्पन्नाचे अर्ज माझ्या ओसरीवर बसून भरले गेले. मराठीत सूचना मिळणं हा आपला हक्क आहे, तो मागायचाच, मीही मागते. पण तो मिळेपर्यंत तुझी तारीख थांबणार नाही.

असो, जरा तापले.

रविवारी सकाळी ये. जेवायलाच ये, आईला सांगून. शिबिराचं पत्र आणि टोकदार पेन्सिल आण. मी वाचून दाखवणार नाही. तू वाचायचंस, अडेल त्या शब्दाखाली रेघ मारायचीस, तेवढाच शब्द मी सांगीन. शेवटच्या ओळीपर्यंत पोचलीस की जायचं की नाही ते तूच मला सांग.

तुझी,
बाई