‘अजून एकदाच बदला ना’: डिझायनर आणि ग्राहकांचे प्रश्न

प्रश्न : सांगलीतल्या एका घरगुती उद्योगासाठी हळदीचं पाकीट करतेय. मालकांनी डिझाइन पास केलं, मग मुलाने रंग बदलायला लावले, आता जावई म्हणतात लोगो मोठा करा. सातवी फाइल पाठवली. निमूटपणे करत राहू का?

उत्तर : नको. आठवी फाइल उघडण्याआधी फोन उचला आणि दोन गोष्टी विचारा. पहिली, अंतिम होकार कोणाचा? घरचा धंदा असला की प्रत्येकाला मत असतं आणि ते असायलाच हवं, पण ती मतं एका माणसाने गोळा करून तुमच्याकडे द्यायला हवीत. दुसरी, लोगो मोठा का हवाय? एका लोणच्याच्या बरणीच्या वेळी मी हे न विचारता लोगो तीनदा वाढवला होता. शेवटी दुकानात जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं, बरणी वरच्या फळीवर ठेवतात आणि खालून नाव झाकलं जातं. नाव वर सरकवलं, लोगो मूळ मापाचा ठेवला, पहिल्याच फटक्यात पसंत पडलं. ग्राहक उपाय सांगतो तेव्हा त्याला कसली तरी अडचण दिसलेली असते. ती शोधणं हे आपलंच काम आहे.

पुढच्या कामाच्या कोटेशनमध्येच लिहा : बदलांच्या दोन फेऱ्या किमतीत धरल्या आहेत, तिसरीपासून वेगळे पैसे. हे आधी सांगितलं तर कोणी रागावत नाही, सातव्या फाइलला सांगितलं तर नक्की रागावतं.

प्रश्न : काम देऊन चार महिने झाले, ‘पुढच्या आठवड्यात टाकतो’ एवढंच ऐकतोय. नातं न तोडता पैसे कसे मागू?

उत्तर : तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, केली आहे का? ती मोफत आहे आणि काम घेण्यापूर्वीच केलेली बरी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पहिल्याच पत्रात धमकी देऊ नका. बिलावर मुदत आणि हा नियम छापून ठेवा, म्हणजे तुम्हाला बोलावं लागणार नाही. आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. मागायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे, पण थकलेल्या पैशांनी नात्यात जी अढी बसते ती त्या संकोचापेक्षा फार वाईट.

प्रश्न : मी ग्राहक आहे. लोगोचे पूर्ण पैसे दिले, तरी डिझायनर ओपन फाइल, म्हणजे ज्यात बदल करता येतात ती मूळ फाइल, द्यायला तयार नाही. लोगो माझाच ना?

उत्तर : वापरायला हो, पण मालकी पैसे दिल्याने आपोआप येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतंत्र डिझायनरने केलेल्या लोगोचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो. पगारी नोकराचं काम मात्र मालकाचं. हक्क तुमच्या नावावर यायला डिझायनरच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणून दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. ओपन फाइल हा वेगळा मुद्दा आहे, त्याची किंमत वेगळी ठरवता येते. डिझायनर मंडळी, हे ग्राहकाला कामाआधी सांगत जा. त्याला फसवल्यासारखं वाटलं तर दोष त्याचा नाही.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर केशरी झळाळत होता, छापून आला तर मळकट. डिझायनरची चूक?

उत्तर : स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई चार शाईंनी होते. भडक केशरी आणि पोपटी त्यात बसतच नाहीत. होकार छापील प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा कागदावरचा नमुना, बघून द्या, आणि प्रूफ दिवसाच्या उजेडात बघा.