चिलखत काढण्याआधी

अगं, तुझं त्या लढवय्या बाईचं स्केच पाहिलं. रेषा सुंदर आहे. पण हिचं पोट उघडं, मांड्या उघड्या, छातीवर पत्र्याच्या दोन वाट्या. आणि शेजारचा शिपाई मात्र नखशिखांत झाकलेला! मीही सुरुवातीला असंच काढायचे, त्याचं आज वाईट वाटतं.

एक कर. ताट तिरकं धर, त्यावर दोन वाट्या शेजारी-शेजारी उपड्या ठेव नि वरून पाणी सोड. मधल्या घळीत येतं ना? भाल्याचं टोकही तसंच घसरून थेट छातीच्या मधल्या हाडावर येणार. म्हणून खरा छातीपत्रा मध्ये फुगीर, कडांना उतरता असतो; वार बाजूला निसटतो. आत जाड अस्तराचा अंगरखा असतो, त्यामुळे बाईसाठी वेगळा उठाव लागतच नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पत्राकाम करणाऱ्या कुणालाही विचार हवं तर.

१९८६च्या 'मेट्रॉइड' या व्हिडिओ गेमची नायिका सॅमस जवळजवळ खेळभर अख्खी चिलखतात होती, तरी लोकांच्या मनात राहिली. आणि आपल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा १८२४ साली कंपनी सरकारशी लढल्या. त्यांना या वेशात कल्पून बघ. मला तर संताप येतो.

आता आधी काख आणि कोपर काढ, तलवार उचलताना हात वळतो का बघ. नक्षी नंतर.