१२.९ ग्रेडचा बोल्ट आणि झिंक प्लेटिंग

गंज लागू नये म्हणून १२.९ चे, म्हणजे फार मजबूत ग्रेडचे, बोल्ट झिंक प्लेटिंग (विजेने जस्ताचा थर) करून घ्यायचा तुमचा विचार आहे, तो आधी थांबवा. गंज डोळ्यांना दिसतो, हायड्रोजन दिसत नाही. ॲसिड पिकलिंगमध्ये (आम्लाने पृष्ठभाग साफ करताना) आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. मग बोल्ट टॉर्कला नीट बसतो, तपासणीत पास होतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हातही न लावता, तुटतो. सर्वाधिक ताणाच्या जागी हायड्रोजन गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून हा उशीर.

८.८ या कमी मजबूत ग्रेडला ही भीती सहसा नसते. कठीणपणा ३९ एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) वर गेला की सावध व्हायचं, आणि १२.९ चे बोल्ट नेमके तिथलेच. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत साधारण १९० ते २२० अंश सेल्सिअसला बेकिंग करतात (हायड्रोजन निघून जावा म्हणून तापवतात) खरं, पण मी तरी त्यावर भिस्त ठेवणार नाही. जस्ताचा थरच हायड्रोजनला बाहेर पडू देत नाही. झिंक फ्लेक कोटिंग (जस्ताच्या पापुद्र्यांचा, विजेशिवाय चढवलेला थर) घ्या, किंवा डिझाइनमध्ये बसत असेल तर मोठ्या मापाचा १०.९ वापरा.

कोटिंग चांगलं असलं तरी पाणी साचू देऊ नका. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजवर २०१३ मध्ये ताण दिल्यानंतर काही दिवसांत ९६ पैकी ३२ गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) रॉड तुटले. त्यांच्या भोकांत पाणी साचलेलं होतं. जस्त गंजतानाही उघड्या पोलादावर हायड्रोजन तयार होतो.

आणि बोल्ट तुटलाच, तर तुटलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासू नका, घासून साफही करू नका. कोरडे ठेवून तपासायला पाठवा.