दोह्यातली नव्वद मिनिटं

(वाचकांच्या विमानप्रवासाच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर. सदर लिहिणाऱ्या ताईंनी मुंबई विमानतळावर चेक-इन आणि ट्रान्सफर काउंटरवर २६ वर्षं नोकरी केली.)

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६३. यजमान सत्तरीचे, गेल्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा बदलला. लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीत आहे, म्हणून आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशी निघालोय. तिनं तिकीट काढलंय मुंबई-दोहा-न्यूयॉर्क. मुंबईहून पहाटे ४.१०ला निघून दोह्याला ५.०५ला पोहोचतं, पुढचं विमान ६.३५ला. यजमान म्हणतात, पंचावन्न मिनिटांत दोहा येतं तर दीड तास भरपूर झाला. मला मात्र रात्री झोप लागत नाही. व्हीलचेअर मागवलेली आहे.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बाई (शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही), आधी यजमानांचा हिशेब दुरुस्त करू. दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाची छापतात. म्हणजे ते पंचावन्न मिनिटांचं अंतर खरं तीन तास पंचवीस मिनिटांचं. तुम्ही काळजी करताय ते बरोबर आहे. झोप उडण्याइतकं मात्र काही नाही.

माझ्या काउंटरवर लोक विचारायचे, "मॅडम, दीड तास पुरतो का?" मी उलट विचारायची, "दीड तासात करायचंय काय काय?" तुमच्यापुरतं मांडून बघू. ५.०५ ही विमान जागेवर येऊन थांबायची वेळ. ६.३५ला पुढचं विमान हलतं, पण गेट साधारण वीस मिनिटं आधी बंद होतं. हातात उरली सत्तर मिनिटं. विमान एरोब्रिजला (विमानाच्या दारापासून टर्मिनलमध्ये नेणाऱ्या बोगद्याला) लागलं तर ठीक. लांब उभं केलं तर जिना उतरून बस आली. तुमची सीट चौतिसाव्या रांगेत असेल, तर पुढची तेहतीस रांगांतली माणसं उठून, वरच्या कप्प्यातून पिशव्या काढून, स्वेटर घालून बाहेर पडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. मग ट्रान्सफरची सुरक्षा तपासणी. यजमानांच्या गुडघ्यातल्या धातूनं तिथं पीप वाजणारच. पुढच्या गेटपर्यंतची चाल लांब आहे, आणि काही गेटांकडे जायला टर्मिनलच्या आतली छोटी ट्रेन पकडावी लागते. त्यातून अमेरिकेच्या विमानाला गेटापाशीच पासपोर्ट-व्हिसा पुन्हा बघतात, दोन-चार प्रश्न विचारतात, कधी हँडबॅगही उघडायला लावतात.

तरण्या, एकट्या, खांद्याला सॅक अडकवलेल्या माणसाला हे जमतं. रोज शेकडो जण करतात.

तुमच्या बाबतीत अडचण व्हीलचेअरची आहे, आणि हे तिकीट काढताना कोणी सांगत नाही. व्हीलचेअरच्या माणसांना विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात. आपल्याकडून निघणाऱ्या विमानांत व्हीलचेअर मागवणारी ज्येष्ठ मंडळी पुष्कळ असतात, त्यामुळे खुर्च्या यायची वाट, ढकलणारा माणूस यायची वाट. एकदा माणूस आला की रांगांची कटकट वाचते, हा फायदा खराच. पण तो येईपर्यंतचा वेळ तुमच्या हातात नसतो. म्हणून व्हीलचेअर असेल तर मध्ये अडीच ते तीन तास हवेत, त्याखाली मी माझ्या आईलाही जाऊ दिलं नसतं. व्हीलचेअर रद्द करून वेळ वाचवू, असा विचार मनातही आणू नका. ती चाल नव्या गुडघ्याला झेपायची नाही.

लेकीला आजच कंपनीशी बोलायला सांगा. मुंबई-दोहा आदल्या फेरीचं मिळतं का किंवा दोहा-न्यूयॉर्क नंतरचं मिळतं का, हे विचारायचं. मधल्या काळात कंपनीनं स्वतःहून वेळेत बदल केला असेल (तसा ईमेल येतो आणि कोणी वाचत नाही), तर बरेचदा फुकट बदलून देतात. नसेल तर फरकाचे पैसे पडतील. ते भरावेत, असं माझं मत.

बदल नाहीच झाला तरी आकाश कोसळत नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे, पीएनआर एक आहे. पहिलं विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम. बॅगा मुंबईतच थेट न्यूयॉर्कपर्यंत टॅग होतील. चेक-इन करताना टॅगवर सगळ्यात मोठी अक्षरं 'जेएफके' (म्हणजे न्यूयॉर्कचा विमानतळ) आहेत ना, ते डोळ्यांनी बघा, आणि दोन्ही बोर्डिंग पास तिथंच मागून घ्या. काउंटरवरच्या मुलीला सांगा, शॉर्ट कनेक्शन आहे, सीट जमेल तितकी पुढची द्या. उतरण्याच्या तासभर आधी हवाई सुंदरीच्या कानावर पुन्हा घाला. गुडघ्याच्या ऑपरेशनचं डॉक्टरांचं पत्र पासपोर्टच्या पाऊचमध्ये वरच ठेवा आणि दारातून आत जाण्याआधी सांगा. पीप वाजल्यावर सांगण्यात पाच मिनिटं जातात.

माणसं धावत विमान गाठतात, बॅगा मागे राहतात. म्हणून गोळ्या, चष्मा आणि एक जोड कपडे हँडबॅगेत. तुपाची बाटली आणि लोणच्याची बरणी हँडबॅगेत अजिबात नको. शंभर मिलिलिटरवरचं पातळ किंवा लगदा असलेलं काहीही तपासणीत काढून घेतात. एका काकूंनी मुंबईच्या तपासणीत बरणी गेली तेव्हा तिथंच बोटानं लोणचं चाटून घेतलेलं मी पाहिलंय. डिंकाचे लाडू, मेतकूट मोठ्या बॅगेत टाका, आणि अमेरिकेत उतरल्यावर खायचं आणलंय का विचारलं की सरळ हो म्हणा.

लेकीनं एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केलीय. अमेरिकेत उतरल्यावर तुम्हाला दुसरं विमान नाही. असतं, तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन, मग बेल्टवरून बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून काढायच्या आणि पुन्हा द्यायच्या, असा सगळा सोपस्कार झाला असता.

दोह्याच्या विमानतळाच्या मध्यभागी डोक्यातून दिवा निघालेलं, सात मीटर उंचीचं एक पिवळंजर्द अस्वल बसवलंय. त्याच्याबरोबर फोटो काढायचा मोह होईल. परत येताना काढा.

आणि घड्याळ. उतरल्या उतरल्या दोघांची घड्याळं लावून घ्या. हे सांगायचा मला अधिकार आहे, कारण विमान चुकलेल्यांना पाणी देण्यात नोकरी घालवलेल्या मी स्वतः विमान चुकवलंय. लंडनहून परतत होते, उन्हाळ्यात. आखाती शहरात उतरले तेव्हा तिथं सकाळचे ७.५० झाले होते, पुढचं विमान ९.५५ला. मनगटावर लंडनची वेळ, ४.५०. फोन विमानातल्या फ्लाइट मोडवरच, त्यामुळे तोही लंडनमध्येच. रात्रभर डोळा लागला नव्हता. बोर्डावर ९.५५ वाचलं, मनगटावर ४.५० बघितलं आणि 'पाच तास आहेत' म्हणून कॉफी घेऊन ऐसपैस बसले. मध्येच कोणाला तरी नावानं बोलावत होते, पण आडनावाचा असा चोथा केला होता की ते माझंच आहे हे मला कळलं नाही. चूक सगळी माझी, तेव्हा नव्या तिकिटाचा फरकही मीच भरला. आणि घोषणेच्या भरवशावर राहू नका. आपल्या मुंबईच्या टी-टूवरही (टर्मिनल दोनवरही) गेटाच्या घोषणा जवळजवळ होतच नाहीत, सगळं पडद्यावर.

प्रश्न : मुलगा एमएससीसाठी सप्टेंबरात लंडनला चाललाय. लंडनचं विमान मुंबई टी-टूहून रात्री १.४५ला. गोवा-मुंबई आम्ही वेगळं, स्वस्तातलं काढलं, ते टी-वनला रात्री १०.४०ला उतरतं. तीन तास पाच मिनिटं मिळतात. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. चालेल ना?
— मडगावहून एक वडील

उत्तर : नाही चालणार. खरं सांगते, राग मानू नका.

टी-वन सांताक्रूझच्या अंगाला, टी-टू सहारला. दोन्हींच्या मध्ये आतून रस्ता नाही. बाहेर यायचं, गाडी करायची, पुन्हा दारात पासपोर्ट-तिकीट दाखवून आत शिरायचं. १०.४०ला उतरला, बेल्टवर बॅगा मिळेपर्यंत ११.१५. गाडी मिळून टी-टूच्या दारात ११.५०, पाऊस नसेल तर. काउंटर बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं, म्हणजे पाऊण वाजता. कागदावर बसतं. पण गोव्याचं विमान सव्वा तास उशिरा आलं की संपलं, आणि सप्टेंबरात मुंबईवर घिरट्या घालणारी विमानं काही नवलाची नाहीत. त्यात तारीख गणपती विसर्जनाच्या आसपास आहे का, तेही बघा. अनंत चतुर्दशीच्या रात्री टी-वन ते टी-टू किती वेळ लागेल, हे तो गणपतीच सांगू शकेल.

दोन तिकिटं वेगळी म्हणजे दोन वेगळे करार. लंडनच्या कंपनीच्या लेखी तुमचा मुलगा 'नो-शो', म्हणजे आलाच नाही असा प्रवासी. गोव्याचं विमान उशिरा आलं, ही त्यांची अडचण नव्हेच. विद्यार्थ्याचं लंडनचं तिकीट आयत्या वेळी पुन्हा काढायचं म्हणजे काय रक्कम होते, याची चौकशी एकदा करून बघा. आणि दुसरं, जे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही : देशातल्या विमानात साध्या तिकिटावर सहसा १५ किलोच नेता येतात. तुमच्याकडे ४६ आहेत. उरलेल्या ३१ किलोंचे पैसे गोव्यातच मोजावे लागतील. किलोमागे दर विचारा, म्हणजे स्वस्तातलं तिकीट किती स्वस्त पडलं ते समजेल. एकाच तिकिटावर गोवा-मुंबई-लंडन असतं, तर सहसा लंडनचाच वजनाचा नियम गोव्यापासून लागला असता.

आता उपाय. ते गोव्याचं तिकीट बुडालं तर बुडू द्या. रात्रीच्या कोकण रेल्वेनं आदल्या दिवशी मुंबई गाठा, नातेवाइकांकडे अंघोळ-जेवण करून संध्याकाळी निवांत टी-टूला जा. ट्रेनमध्ये ४६ किलोंवर कोणी भुवई उंचावत नाही. विमानच हवं असेल तर सकाळचं घ्या. आणि नवीन बुकिंग करताना 'मुंबई' एवढंच बघून बटण दाबू नका. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. गोव्याचं विमान तिकडे आणि लंडनचं सहारला, असं झालं तर खाडी ओलांडून यावं लागेल.

प्रश्न : मी पॅरिसला शिकतो. ऑक्टोबरात पॅरिस-फ्रँकफर्ट-मुंबई असं एकाच तिकिटावर येत होतो, मध्ये ५५ मिनिटं. पॅरिसचं विमान 'तांत्रिक कारणानं' सव्वा तास उशिरा निघालं, मुंबईचं गेलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवलं, मी २३ तास उशिरा घरी. कंपनीनं जेवणाचं एक कुपन दिलं. हॉटेल 'भरलंय' म्हणाले, मी स्वतःचं केलं. एका मित्रानं सांगितलं, पैसे मिळतात. खरंच?
— एक विद्यार्थी, मूळ गाव सातारा

उत्तर : मित्र बरोबर सांगतोय. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आहे. युरोपीय संघातल्या देशातून निघालेल्या प्रवाशाला तो लागू होतो, कंपनी कुठलीही असो. एकाच तिकिटावरचा प्रवास सलग धरतात, आणि उशीर मोजतात तो शेवटच्या ठिकाणी. तू मुंबईत तीन तासांहून जास्त उशिरा पोहोचलास आणि अंतर ३५०० किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे ६०० युरो.

कंपनी 'आमच्या हाताबाहेरची परिस्थिती' असं म्हणून बघेल. धुकं, वादळ, हवाई नियंत्रकांचा संप असता तर ते चाललं असतं. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड सहसा त्यात बसत नाही. म्हणून पॅरिसच्या गेटवर किंवा मेसेजमध्ये कारण काय दिलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट शोध. हॉटेलचं तर आणखी सोपं आहे. रात्र काढावी लागली की राहण्या-जेवणाची सोय कंपनीनंच करायची, कारण काहीही असो. पावती जोड आणि ते पैसे सहाशेच्या वर वेगळे माग.

कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रारीचा फॉर्म असतो, तो स्वतः भर. पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्या मधल्या संस्था मोठा हिस्सा कापतात. महिनाभर उत्तर आलं नाही तर पुन्हा लिही, मग फ्रान्समधल्या विमानप्रवाशांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे जा. पैशांऐवजी पुढच्या प्रवासाचं व्हाउचर देऊ केलं तर तू लेखी हो म्हटल्याशिवाय ते गळ्यात मारता येत नाही. बोर्डिंग पास दोन्ही जपून ठेवले असशील अशी आशा आहे. आणि जेवणाचं कुपन खाल्लंस म्हणून हक्क गेला, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.