दांडपट्ट्याचं डॅमेज किती? होमब्रू क्लासबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत स्वतःचे, म्हणजे होमब्रू, क्लास (पात्रांचे प्रकार) आणि नियम बसवण्याबद्दल आहेत. उत्तरांतले आकडे २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत.

‘पट्टेकरी’ नावाचा क्लास बनवलाय. पाचव्या लेव्हलला टर्नमध्ये दोन ॲटॅक, आणि प्रत्येक ॲटॅक पाच फुटांतल्या सगळ्या शत्रूंवर. डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, हे फार होतंय. मला तो फायटरच्या बरोबरीचा वाटतो. – वाचक, दादर

डीएमचं बरोबर आहे. पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या, स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटसोर्ड. ॲटॅक बोनस +७. समोरच्याचा एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५ असेल तर डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) ८ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ६५ टक्के. २डी६+४ ची (सहाचे दोन फासे अधिक ४) सरासरी ११, ॲटॅक दोन, तेव्हा टर्नला साधारण १४ डॅमेज. क्रिटिकल (२० पडल्यावरचं जादा डॅमेज) दोन्हीकडे सोडून देऊ.

आता तुमचा पट्टा, १डी८+४, सरासरी साडेआठ. तीन शत्रूंवर दोनदा, म्हणजे सहा ॲटॅक: त्याच ६५ टक्क्यांनी टर्नला ३३. दोनच शत्रू असले तरी २२. आणि हे प्रत्येक टर्नला, काहीही खर्च न करता.

दुरुस्ती अशी करा. पट्टा फिरवणं ही स्वतंत्र ॲक्शन ठेवा आणि तिच्यात प्रत्येक शत्रूवर एकच ॲटॅक द्या. दोन शत्रू असतील तर ११, म्हणजे एकाच शत्रूवर दोन साधे वार केल्याइतकंच. तीन असतील तर साडेसोळा. हे फायटरपेक्षा थोडं जास्त दिसतं, पण विखुरलेलं डॅमेज एकवटलेल्यापेक्षा स्वस्त असतं. निम्मा जखमी गॉब्लिन पूर्ण जोमानेच मारतो. हंटर रेंजरला अशीच क्षमता मिळते, पण अकराव्या लेव्हलला. तुम्हाला ती पाचव्यालाच हवी असेल तर लॉन्ग रेस्टपर्यंत (पात्रांच्या लांब विश्रांतीपर्यंत) प्रॉफिशियन्सी बोनसइतक्याच (लेव्हलप्रमाणे वाढणारा आकडा) वेळा द्या, म्हणजे तीनदा. अकराव्याला ही मर्यादा काढा.

शस्त्राचे गुण लिहिताना दोन मोह आवरा. दहा फुटांचा रीच (पल्ला) देऊ नका, कारण मग आठ चौकोनांऐवजी चोवीस चौकोन पट्ट्याखाली येतात. आणि फिनेस (ताकदीऐवजी चपळाईने वार) देऊ नका, नाहीतर पुढच्याच रविवारी टेबलावरचा रोग, म्हणजे चोरटा क्लास, पट्टा मागेल, स्नीक ॲटॅकच्या जादा डॅमेजसकट.

खऱ्या पट्ट्यात हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबणीत जातो आणि मनगट वळत नाही. त्यातून नियम आयताच निघतो: पट्टा हातातून पाडता येत नाही, पण घालायला आणि काढायला एक ॲक्शन लागते. तोवर त्या हाताने पोशन उघडता येत नाही, दोर धरता येत नाही, हातवारे लागणारा स्पेल टाकता येत नाही. डॅमेजच्या आकड्यापेक्षा या अडचणीमुळे तुमचा पट्टेकरी लक्षात राहील.

शेवटचं एक: हा वेगळा क्लास हवाच का? वीस लेव्हल भरताना बाराव्यानंतर कल्पना आटतात. फायटरचा सबक्लास (उपप्रकार) केलात तर ३, ७, १०, १५ आणि १८ एवढ्या पाचच ठिकाणी लिहायचं आहे.

माझ्या क्लासला कॉन्स्टिट्यूशन आणि विस्डम असे दोन्ही सेव्हिंग थ्रो (संकट टाळायला टाकायचे फासे) दिले तर चालेल? – वाचक, विलेपार्ले

नाही. डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, विस्डम यांवर सेव्ह सतत लागतात, उरलेल्या तिघांवर (स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स, करिस्मा) क्वचित. मूळच्या प्रत्येक क्लासला पहिल्या गटातला एक आणि दुसऱ्यातला एक मिळतो.

‘गोंधळी’ क्लासचा जागर सुरू असताना तीस फुटांतल्या सगळ्या मित्रांना ॲटॅक, एसी आणि सेव्हवर +२ मिळतो. दोनच तर आहेत, तरी लढाया चुटकीसरशी संपतात. – वाचक, गिरगाव

डी२० वर +१ म्हणजे पाच टक्के, +२ म्हणजे दहा. पण एसीवरचे दहा टक्के वेगळे बोलतात. शत्रूला ५० टक्के वार लागत असतील आणि ४० वर आले, तर पाचातला एक वार वाचला. चिलखत घातलेल्या पॅलाडिनवर ३० चे २० झाले, तर तिनातला एक वाचला. जो आधीच सुरक्षित, त्याला फायदा जास्त. म्हणून फुकटचा, कायमचा एसी कोणाला देऊ नये.

तुलनेला ब्लेस हा स्पेल घ्या. तिघांना ॲटॅक आणि सेव्हवर १डी४, सरासरी अडीच. त्यासाठी ॲक्शन जाते, पहिल्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींतली एक) जातो आणि कॉन्सन्ट्रेशन अडकतं, म्हणजे तसा दुसरा स्पेल सोबत चालत नाही. तुमचा जागर यातलं काहीच मागत नाही. वर कोणी ब्लेसही टाकला तर दोन्ही जोडले जातात आणि ६५ टक्क्यांचे थेट ८७ होतात. मग फासा टाकायचा कशाला?

असं करून बघा: ॲक्शन खर्चून जागर, एक मिनिटभर, तिघांना, फक्त ॲटॅकवर १डी४. कॉन्सन्ट्रेशन लागेल आणि प्रॉफिशियन्सी बोनसइतक्याच वेळा करता येईल. ‘ब्लेसबरोबर जुळत नाही’ हे वाक्य नियमातच लिहा, ऐन लढाईत वाद नको. संबळ दोन्ही हातांच्या काड्यांनी वाजतं, म्हणून वाजवणाऱ्याच्या हातात ढाल नाही. दिवटी धरायला दुसरा माणूस लागेल, आणि तो एखादा एनपीसी (डीएमने चालवलेलं पात्र) असला तर डीएमला कथानक मिळेल.

‘१ पडला की शस्त्र मोडतं’ हा नियम ठेवावा का? – वाचक, मुलुंड

आमचं मत: काढून टाका. एका ॲटॅकला १ पडण्याची शक्यता ५ टक्के. टर्नला दोन ॲटॅक असतील तर पावणेदहा. विसाव्या लेव्हलच्या फायटरला चार ॲटॅक असतात, म्हणजे साडेअठरा. पाच-सहा टर्नमध्ये एकदा जगातला सर्वोत्तम तलवारबाज तलवार मोडून बसणार. शेजारचा विझार्ड फायरबॉल टाकतो तेव्हा फासा शत्रू टाकतात, त्यामुळे त्याला हा नियम शिवतही नाही. फजितीची मजा हवीच असेल तर टर्नच्या पहिल्याच ॲटॅकला लावा, आणि शस्त्र मोडण्याऐवजी पुढच्या टर्नपर्यंत रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये करता येणारी कृती) जाऊ द्या.

डी२० हरवला. दोन डी१० ची बेरीज चालेल का? – वाचक, कुर्ला

नाही. बेरीज ११ च्या आसपास घुटमळते आणि १ तर कधीच पडत नाही. डी१० बरोबर साधा सहाचा फासा टाका. तो सम आला तर डी१० च्या आकड्यात १० मिळवा, विषम आला तर आकडा तसाच. डी१० वरचं शून्य म्हणजे दहा.

आम्ही रविवारी अंधेरीत तीन तास खेळतो, मग कल्याणवाल्यांना लोकल गाठायची असते. लढाई एकच होते. विझार्ड सगळे स्लॉट तिथेच उडवतो आणि माझा होमब्रू लढवय्या फिका पडतो. त्याचं डॅमेज वाढवू? – वाचक, अंधेरी

क्लासला हात लावू नका, दुखणं रेस्टच्या नियमात आहे. मूळ हिशेब दिवसाला सहा ते आठ लढाया आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) असा आहे. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच. ८डी६ चा फायरबॉल, सरासरी २८, असे दोन टाकले की संपलं. सहा लढायांत ते दोन पुरवून वापरावे लागतात आणि तुमचा लढवय्या वर येतो. एकाच लढाईत पुरवायचंच काय?

सेशन संपणं म्हणजे लॉन्ग रेस्ट नव्हे, हे आधी ठरवा. उरलेले स्लॉट आणि हिट पॉइंट कॅरेक्टर शीटवर पेन्सिलीने लिहून घरी जा, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू. किंवा शॉर्ट रेस्ट एका रात्रीचा आणि लॉन्ग रेस्ट सात दिवसांचा करा, हा पर्याय नियमांत दिलेलाच आहे. त्यात एक गोष्ट बिघडते: मेज आर्मरसारखे आठ तासांचे स्पेल रोज नव्याने टाकावे लागतात आणि स्लॉट मात्र आठवड्याने परत येतात. अशा स्पेलची मुदत पुढच्या शॉर्ट रेस्टच्या शेवटापर्यंत वाढवा.

माझा क्लास मराठीत पीडीएफ करून विकता येईल का? – वाचक, ठाणे

येईल. एसआरडी ५.१ हा खेळाच्या प्रकाशकांचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० परवान्याखाली आहे. त्यातला मजकूर भाषांतरित करून, बदलून, विकायलाही मुभा आहे. अट एवढीच की त्यातच दिलेलं श्रेयाचं वाक्य तुमच्या पीडीएफमध्ये छापायचं आणि आपण बदल केलेत हे सांगायचं. एसआरडीत प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे. बाकीचे सबक्लास छापील पुस्तकांतले, त्यांचा मजकूर उचलू नका. कव्हरवर खेळाचा लोगोही नको.

विक्रीला काढण्यापूर्वी पीडीएफ अशा एका ग्रुपला द्या ज्यांच्या टेबलावर तुम्ही बसणार नाही. १, ५ आणि ११ या लेव्हलला एकेक सेशन, आणि त्यांना प्रश्न विचारायला तुमचा नंबर देऊ नका. ते जिथे अडतील तिथला नियम पुन्हा लिहावा लागेल.